खारफुटीच्या वाशांवरची घरं: झांझिबारच्या जुन्या शहरातलं एक प्रकरण

पुण्यातल्या किंवा वाईतल्या जुन्या वाड्यात वाढलेल्या माणसाला घर केवढं आहे असं विचारलं, तर तो चौरस फुटांचा आकडा सांगत नाही. तो सांगतो, तीन खणी सोपा, पाच खणी माजघर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. तुळई केवढी मिळते आणि किती भार पेलते, त्यावर घराचं माप ठरायचं. झांझिबारच्या जुन्या शहरातल्या घरांचे नकाशे समोर घेऊन बसलो, तेव्हा सगळ्यात आधी हीच गोष्ट ओळखीची वाटली. तिथल्या खोल्या लांबट आणि अरुंद. लांबी कितीही असो, रुंदी अडीच-तीन मीटरच्या पुढे सहसा जातच नाही. श्रीमंत व्यापाऱ्याचा दिवाणखाना असला तरी तीच गत. छताचा वासा खारफुटीचा आहे, आणि खारफुटीचं सरळ, मजबूत लाकूड एवढाच पल्ला गाठतं.

वाड्यांच्या दुरुस्तीच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या नजरेतून हे प्रकरण मांडतो आहे. विषय झांझिबारच्या सुलतानांचे राजवाडे नाहीत. त्यांच्या मागच्या गल्ल्यांत जी शेकडो राहती घरं उभी आहेत, ती कशी बांधली गेली, कशी खचली, त्यांच्यासाठी काय केलं गेलं आणि त्यातलं काय लागू पडलं, एवढाच हा अभ्यास आहे.

जागा

उंगुजा हे झांझिबार द्वीपसमूहातलं मुख्य बेट, टांझानियाच्या किनाऱ्यापासून जवळच. त्याच्या पश्चिम टोकावर समुद्रात घुसलेली एक त्रिकोणी जीभ आहे. तिच्यावर जुनं शहर वसलं. स्वाहिलीत त्याला म्जी म्कोंग्वे म्हणतात, बाहेरचं जग स्टोन टाऊन म्हणतं. पूर्वी या जिभेला मुख्य बेटापासून खाडी तोडत होती. खाडीवर पूल होता, म्हणून तिथल्या बाजाराचं नाव दाराजानी, म्हणजे पुलापाशी. खाडी विसाव्या शतकात टप्प्याटप्प्यानं बुजवली. पलीकडच्या वस्तीचं नाव मात्र अजून न्गाम्बो आहे, म्हणजे ‘पलीकडची बाजू’. अलीकडे दगडी घरं आणि पलीकडे कुडाच्या झोपड्या, हा भेद या प्रकरणात पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

ओमानचा सुलतान सय्यद सईद यानं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली राजधानी मस्कतहून इथे आणली. लवंगांच्या बागा, हस्तिदंत आणि गुलामांचा व्यापार यांतून पैसा आला आणि त्या पैशांतून ही घरं उभी राहिली. हे लिहिताना डोळेझाक करता येत नाही. 1873 मध्ये गुलामांचा बाजार बंद होईपर्यंत माणसांची विक्री या गल्ल्यांच्या मधोमध चालत होती, आणि पुढे त्याच बाजाराच्या जागेवर अँग्लिकन कॅथीड्रल उभं राहिलं. घरांचं सौंदर्य सांगताना त्यांचा पाया कोणाच्या घामावर होता, तेही त्याच दमात सांगितलं पाहिजे.

आपल्या किनाऱ्याशी या शहराचा संबंध थेट होता. ईशान्येच्या वाऱ्यावर गलबतं इथून तिकडे जात आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परत येत. जकातीचा मक्ता अनेक दशकं जयराम शिवजी या कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता. 1876 मध्ये तो थारिया तोपण या खोजा व्यापाऱ्याकडे गेला. गोव्याचे कारकून, शिंपी आणि छायाचित्रकार तिथे स्थायिक झाले. 1935 संपेपर्यंत तिथलं नाणं रुपया होतं. पुढे सुलतान झालेला बरघश याला भावाविरुद्धच्या बंडानंतर 1859 मध्ये हद्दपार करून मुंबईला पाठवलं होतं आणि दोनेक वर्षं तो तिथे राहिला. 1870 मध्ये गादीवर आल्यावर त्यानं शहराला नळाचं पाणी आणलं आणि मोठमोठे सज्जे असलेल्या इमारती बांधल्या. त्यानंतरच्या काळात गल्लीगल्लीत लाकडी नक्षीचे सज्जे दिसू लागले. त्यांतले काही समोर ठेवले, तर कच्छ-काठियावाड आणि मुंबईचा हात लगेच ओळखू येतो.

घर

ओमानी धाटणीचं घर आत बघणारं. बाहेरच्या भिंती उंच, कोऱ्या, खिडक्या थोड्या. मधे चौक, चौकाभोवती खोल्या, बायकांचा वावर वरच्या मजल्यावर आणि आतल्या अंगाला. भिंतीत ओळीनं कोनाडे. त्यांत चिनी बश्या आणि कुराण ठेवायचे. भारतीय व्यापाऱ्याचं घर मात्र रस्त्याकडे तोंड करून बसलेलं. खाली दुकान, दुकानाला घडीच्या लाकडी फळ्यांची दारं, मागे कोठार, वर राहणं. दोन्ही प्रकारांत दाराशेजारी भिंतीला लागून दगडी ओटा असतो. त्याला बराझा म्हणतात. संध्याकाळी म्हातारे त्याच्यावर बसून गप्पा मारतात, पावसात गल्ली भरली की लोक त्याच्यावरून चालतात. कोकणातल्या कोणत्याही ओट्याला हे सांगायची गरज नाही.

दार म्हणजे घराची मिरवणूक. सागाच्या किंवा फणसाच्या जातीच्या लाकडाची जाड फळी, चौकटीवर कोरलेल्या वेली, कमळं, मासे, साखळ्या, आणि फळीवर पितळी खिळ्यांच्या रांगा. चौकोनी माथ्याचं दार अरबी धाटणीचं, कमानीचं दार भारतीय वळणाचं. बेटावर जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये अशी पाच-पंचवीस दारं सापडतात. पण घर दारावर उभं नसतं.

ते उभं असतं भिंतीवर. भिंत पन्नास-साठ सेंटिमीटर जाड. दगड जमिनीखालून खणलेला, प्राचीन प्रवाळांचा. हलका, सच्छिद्र, आणि इतका वेडावाकडा की त्याला घडीव तोंड येत नाही. त्यामुळे भिंतीत दगडाइतकाच, कधी दगडाहून जास्त भरणा असतो तो तांबड्या मातीत मिसळलेल्या चुन्याचा. हे नीट समजून घ्यायला हवं. सातारच्या किंवा पुण्याच्या काळ्या पाषाणाच्या घडीव भिंतीतून चुना निघून गेला तरी दगड दगडावर बसलेला राहतो. इथे तसं नाही. इथली भिंत म्हणजे चुन्याच्या गिलाव्याच्या अंगरख्यात बसवलेला मऊ गाभा. अंगरखा फाटला की गाभा पावसानं धुऊन जायला लागतो.

चुनाही तिथलाच. प्रवाळी दगड लाकडाच्या गोल ढिगावर रचायचा, ढीग पेटवायचा आणि जळून झाल्यावर राखेत उरलेली कळी वेचायची. ती पाण्यात विझवून काही महिने मुरू द्यायची. आपल्याकडे घाणीत बैल फिरवून चुना मळायचे. तिथे घाणीची पद्धत नव्हती, पण मुरवण्याचा धीर तोच. ज्याला धीर नाही त्याचा चुना भिंतीवर फुगतो आणि पोपडे धरतो. हे मी पुण्यातही पाहिलं आहे.

आता छत. खारफुटीचे वासे, स्वाहिलीत बोरिती, अगदी जवळजवळ लावायचे, त्यांची दोन्ही टोकं भिंतीच्या आत घुसवायची. वर दगडाच्या चिपा, त्यावर चुन्याचा कोबा, तो बायका-पुरुषांनी रांगेत बसून धोपटायचा. मराठवाड्यातल्या वाचकाला यात आपलं माळवद दिसेल. वरून सपाट, खालून वाशांची रांग. एक गोष्ट तेवढी वेगळी आहे आणि तिच्यापाशीच सगळं प्रकरण अडतं. माळवदाचं गणित कमी पावसाच्या मुलखाचं आहे. ओमानच्या सपाट गच्चीचंही तसंच. उंगुजावर वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मार्च ते मे हा मोठा पाऊस, मसिका, आणि वर्षाच्या शेवटी लहान पाऊस, वुली. कोरड्या देशातलं छत ओल्या बेटावर आणलं गेलं. घरं बांधणाऱ्यांच्या ते लवकरच ध्यानात आलं असावं, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सपाट गच्च्यांच्या डोक्यावर उतरती पत्र्याची छपरं चढलेली दिसतात. पत्रा म्हटला की पन्हळ आली. घरं एकमेकांना चिकटलेली, एका घराचं पाणी दुसऱ्याच्या भिंतीवर पडणार, म्हणून दोन छपरांच्या मधल्या दरीत लांब पन्हळ. आणि समुद्र शंभर पावलांवर. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा गंजतो, पन्हळ गंजते, आणि त्या दरीत पक्ष्यांची घरटी, पालापाचोळा, वाऱ्यानं आलेल्या पिशव्या साचतात.

पाणी कसं खाली उतरतं

पन्हळ तुंबली की पाणी बाजूनं भिंतीच्या माथ्यावर उतरतं. माथ्यावर गिलावा नसतोच, किंवा असला तरी तडकलेला. पाणी गाभ्यात शिरतं. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, वरच्या खोलीच्या कोपऱ्यात फक्त ओलीचा पिवळा डाग दिसतो. भाडेकरू तिथे कपाट सरकवून ठेवतो. खरं नुकसान त्या डागाच्या मागे असतं. वाशाचं जे टोक भिंतीत गाडलेलं आहे तेच कुजतं. बाहेरचा दोन-अडीच मीटर वासा काळाभोर, टणक, शंभर वर्षं टिकेल असा. भिंतीतला वीतभर भाग बोटानं टोकरला तर भुसा. पुण्यात तुळई तपासताना आम्ही लाकडी हातोडीनं मधे ठोकत नाही, भिंतीलगत ठोकतो. चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा भद्द. झांझिबारच्या घरातही ठोकायची जागा तीच.

वाशांचं काम फक्त मजला पेलायचं नाही. ते समोरासमोरच्या दोन भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवतात. टोकं कुजली की मजला काही दिवस तसाच लोंबकळत राहतो, पण भिंतींची बांधणी सुटलेली असते. मग तीन मजली भिंत, गाभा धुऊन गेलेली, बाहेरच्या बाजूला पोट काढायला लागते. पुढच्या मसिकेत ती जाते. भिंती शेजाऱ्याशी सामाईक असल्यामुळे एकटी जात नाही.

याच्यावर लोकांनी जो उपाय केला त्यानं दुखणं वाढलं. ओल दिसली की सिमेंटचा गिलावा मारायचा. सिमेंट घट्ट, आतली ओल बाहेर सोडत नाही. भिंतीतलं मीठ आत अडकतं, स्फटिक होतात, दगडाची आणि चुन्याची भुकटी होते, आणि वरचा सिमेंटचा पापुद्रा मात्र गुळगुळीत दिसत राहतो. काही ठिकाणी सडलेले वासे काढून काँक्रीटची स्लॅब टाकली. त्या मऊ भिंतीला एवढं ओझं पेलत नाही. शिवाय वरच्या मजल्यांवर नव्या मोऱ्या आणि संडास आले, कारण एका कुटुंबाच्या घरात चार-पाच कुटुंबं राहू लागली होती. वरून पाऊस आणि मधल्या मजल्यावर गळणारे नळ, दोन्हीकडून ओल.

1964

एका घरात चार कुटुंबं कशी आली, ते सांगितल्याशिवाय या प्रकरणातलं कोणतंही तांत्रिक निदान अपुरं आहे.

10 डिसेंबर 1963 ला झांझिबार स्वतंत्र झालं, सुलतान कायम राहिला. महिनाभरात, 12 जानेवारी 1964 ला क्रांती झाली. हजारो अरब आणि भारतीय वंशाचे लोक मारले गेले किंवा पळून गेले. 26 एप्रिलला बेट मुख्य भूमीवरच्या टांगानिका या देशाशी जोडलं गेलं. जुन्या शहरातली असंख्य घरं सरकारनं ताब्यात घेतली आणि त्यांत न्गाम्बोतली, खेड्यांतली, पेंबा बेटावरची कुटुंबं राहायला आली. भाडं नाममात्र. एका अर्थानं हा न्याय होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना पुलाच्या पलीकडे कुडाच्या घरात ठेवलं, त्यांना दगडी घर मिळालं. तो आनंद मी कमी लेखणार नाही.

पण घराबरोबर ते सांभाळण्याची व्यवस्था आली नाही. पूर्वी दर वर्षी पावसाच्या आधी छपरावर माणूस चढवणारा, भिंतीला चुन्याचा हात देणारा मालक होता. त्याला ते परवडत होतं, कारण घर त्याचं होतं आणि माणसं त्याच्या पगारावर होती. आता मालक सरकार. सरकारचं सगळं लक्ष आणि पैसा न्गाम्बोतल्या मिचेन्झानी भागात पूर्व जर्मनीच्या मदतीनं उभ्या राहणाऱ्या लांबलचक फ्लॅटांच्या इमारतींवर. जुनं शहर म्हणजे जुन्या राजवटीची खूण, त्याच्यावर पैसे खर्च करायला कोणाचं मन होणार? भाड्यातून एका पन्हळीचा खर्चही निघत नव्हता. आणि तळमजल्यावरच्या कुटुंबाला छत गळतंय हे कळायलाच दहा वर्षं लागतात.

मुंबईकराला हे पटकन उमगेल. 1940 च्या पातळीवर गोठलेली भाडी, दुरुस्ती न करणारे मालक, पावसाळ्यात कोसळणाऱ्या चाळी. महाराष्ट्रानं 1969 मध्ये कायदा करून जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ नेमलं. त्या मंडळाबद्दल मुंबईत तक्रारी खूप आहेत, रास्तही आहेत. तरी एक गोष्ट त्यातून झाली. छपराचा खर्च कोणाचा, या प्रश्नाला कागदावर उत्तर मिळालं. झांझिबारमध्ये ते उत्तर वीस वर्षं कोणाकडेच नव्हतं.

वक्फच्या घरांची गोष्ट थोडी निराळी. जुन्या काळी अनेक मालकांनी आपली घरं धर्मादाय किंवा कुटुंबाच्या नावे वक्फ केली होती. त्यांचा कारभार वक्फ आयोगाकडे. तिथेही भाडी कमी, पण हक्क कोणाचा हे ठरलेलं. पुढे दुरुस्तीच्या योजनांना ही घरं हाताळायला सोपी गेली, त्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं.

काय केलं गेलं

1982 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहतींच्या केंद्रानं शहराची पाहणी केली. 1985 मध्ये जुन्या शहराच्या जतन आणि विकासासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं. त्यानं ताब्यातली बरीच घरं दुरुस्तीच्या अटीवर खाजगी मालकांना विकली. पुढची मोठी पायरी म्हणजे आगा खान सांस्कृतिक न्यासाच्या मदतीनं झालेला जतन आराखडा. त्यासाठी नव्वदीच्या सुरुवातीला सुमारे 1700 इमारतींची एकेक करून नोंद झाली. कोणती घरं उत्तम, कोणती बरी, कोणती कोसळण्याच्या बेतात. 1994 मध्ये आराखडा तयार झाला. 2000 साली युनेस्कोनं शहराला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतलं.

या कामाचा मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो त्या नोंदवहीबद्दल. घराघरात जाऊन, जिना चढून, छप्पर बघून केलेली नोंद. आपल्याकडच्या किती जुन्या पेठांची अशी नोंद आहे? वारशाची यादी करताना आपल्याकडे दर्शनी भागाचा फोटो काढला की काम झालं असं मानतात.

नोंद हातात असूनही विक्रीच्या योजनेनं जे व्हायला हवं होतं ते अर्धंच झालं. ज्यांच्याकडे पैसा होता, ते पर्यटनातून पैसा येणार हे बघून आले. त्यांनी छप्पर दुरुस्त केलं, वासे बदलले, घर वाचलं. पण राहती वस्ती हटली. ज्यांच्याकडे पैसा नव्हता, त्यांनी घर विकत घेऊन दर्शनी भागाला रंग दिला आणि दुरुस्तीची अट कागदावर राहिली.

जुना दवाखाना

एक इमारत मात्र जवळून बघण्यासारखी आहे. बंदराजवळ, समुद्राकडे तोंड करून चार मजली, लाकडी नक्षीच्या सज्जांची. 1887 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त थारिया तोपणनं तिची पायाभरणी केली, रुग्णालय म्हणून. इमारत पुरी व्हायच्या आत, 1891 मध्ये तो गेला. काम 1894 मध्ये संपलं. 1900 मध्ये दुसऱ्या एका भारतीय व्यापाऱ्यानं ती घेतली, खाली दवाखाना सुरू केला आणि वर भाड्यानं घरं दिली. म्हणून नाव जुना दवाखाना. 1964 नंतर तिची अवस्था इतर घरांसारखीच झाली. मालक सरकार, छत गळकं, सज्जे लोंबकळलेले.

1990 मध्ये आगा खान न्यासानं ती भाडेपट्ट्यानं घेतली आणि 1990 च्या दशकाच्या मध्यात तिची दुरुस्ती केली. तिथे फक्त एक इमारत दुरुस्त झाली नाही. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आणि लाकडी नक्षी करणारे सुतार बेटावर जवळजवळ संपत आले होते. या कामात नव्या मुलांना हाताखाली घेऊन ते काम शिकवलं गेलं. सज्जांच्या ज्या पट्ट्या हरवल्या होत्या त्या शेजारच्या पट्ट्या बघून कोरल्या. गिलावा चुन्याचाच झाला. त्या पोरांनी पुढे शहरातली इतर कामं केली. दुरुस्तीच्या कामात पैशाइतकीच टंचाई हातांची असते. पुण्यात वीस वर्षांपूर्वी मळलेला चुना नीट लावणारा गवंडी शोधायला आम्हाला तालुका पालथा घालावा लागत असे.

या उदाहरणाची मर्यादाही आहे. ती एकच मोठी, एका संस्थेच्या ताब्यातली, एका पैशाच्या पिशवीतून दुरुस्त झालेली इमारत होती. गल्लीतल्या घरात चार कुटुंबं, एक सरकारी खातं आणि मस्कतला किंवा लंडनला गेलेले वारस असतात. तिथे ही पद्धत तशीच्या तशी चालत नाही.

हॉटेलांची वाट

1980 च्या दशकाच्या मध्यानंतर बेटानं बाहेरच्या व्यापाराला आणि पर्यटकांना दारं उघडली. जुनं घर हॉटेल झालं की ते वाचतं, हे खरं आहे. छपरावर चहाची गच्ची करायची तर छप्पर गळकं ठेवून चालत नाही. पण हॉटेलला न्हाणीघर प्रत्येक खोलीला हवं, पाण्याच्या टाक्या वर हव्यात, लिफ्ट हवी. अरुंद खोलीची अडीच मीटरची रुंदी त्याला अपुरी पडते, मग दोन खोल्यांमधली भिंत फोडली जाते. ज्या भिंती एकमेकींना धरून होत्या त्यांतली एक गेली.

शांगानी भागातलं मांबो म्सीगे हे 1850 च्या सुमाराचं मोठं घर. त्याच्या जागेवर आणि शेजारच्या मोकळ्या किनाऱ्यावर हॉटेल उभं राहिलं, 2015 मध्ये ते सुरू झालं. जुनं घर दुरुस्त झालं. त्याला लागून उभ्या राहिलेल्या नव्या बांधकामाच्या आकाराबद्दल आणि परवानगीच्या पद्धतीबद्दल जागतिक वारसा समितीनं वारंवार चिंता नोंदवली. त्या वादात कोण बरोबर होतं यापेक्षा मला एक वेगळीच गोष्ट खुपते. इतकी चर्चा, इतके अहवाल एका किनाऱ्यावरच्या इमारतीवर झाले. त्याच काळात आतल्या गल्ल्यांमध्ये राहत्या घरांच्या पन्हळी तुंबत होत्या, आणि त्यांच्यावर अहवाल लिहायला कोणी आलं नाही.

25 डिसेंबर 2020

बैत अल-अजाइब, आश्चर्यांचं घर, हा बरघशनं 1883 मध्ये बांधलेला समारंभाचा राजवाडा. पूर्व आफ्रिकेत वीज आणि लिफ्ट सगळ्यात आधी इथे आली असं सांगतात, म्हणून ते नाव. 2012 मध्ये त्याचा एक कोपरा ढासळला, इमारत बंद झाली. ओमानच्या पैशातून दुरुस्ती सुरू असतानाच 25 डिसेंबर 2020 ला समुद्राकडचा दर्शनी भाग घड्याळाच्या मनोऱ्यासकट कोसळला. आत काम करणारी दोन माणसं गेली.

ही बातमी जगभर छापून आली, आणि या शहराची काळजी करणाऱ्या सगळ्यांना धक्का बसला. मला त्यात नवल वाटलं नाही, दुःख वाटलं. राजवाड्याच्या भिंतीत तेच प्रवाळ आणि तोच चुना. त्याच्यावर कागदपत्रं, निधी, तज्ज्ञ, सगळं होतं. फक्त दुरुस्ती फार उशिरा सुरू झाली. गाभा एवढा धुऊन गेल्यावर आधार काढायला किंवा लावायला हात घालणंच धोक्याचं असतं. अशा भिंतीला आधी आधार आणि पाणी बंद करणं, मग महिनोन्‌महिने वाट बघणं, मग हळूहळू चुना भरणं, याला पर्याय नाही.

माझं मत

या सगळ्यातून माझं मत पक्कं होत गेलं ते असं. झांझिबारच्या राहत्या घरांचं जतन दाराच्या, सज्जाच्या किंवा रंगाच्या नियमांपासून सुरू करणं चुकीचं आहे. तिथे आधी छप्पर, मग पन्हळ, मग गळणारे नळ, मग वाशांची टोकं, मग गिलावा आणि सगळ्यात शेवटी दार. निधी थोडा असेल तर एका घराची संपूर्ण दुरुस्ती करण्यापेक्षा त्याच पैशांत दहा घरांची छपरं करावीत. ती दहा घरं आणखी वीस वर्षं उभी राहतील, आणि तेवढ्या काळात बाकीचं करता येईल. संपूर्ण दुरुस्त झालेल्या एका घराचा फोटो चांगला येतो, म्हणून देणगीदारांना तेच आवडतं. हे समजण्यासारखं आहे, पण परवडण्यासारखं नाही.

दुसरी गोष्ट वाटणीची. छपराचा खर्च सगळ्या मजल्यांवर वाटला गेला पाहिजे, तळमजल्यावरच्या दुकानदारावरसुद्धा. त्याच्या डोक्यावर तीन मजले आहेत तोवरच त्याचं दुकान आहे. जिथे सरकार मालक आहे तिथे भाडं थोडं वाढवून ती वाढ फक्त त्याच घराच्या छपरासाठी राखून ठेवायची, आणि हिशेब दाराच्या आत भिंतीवर लावायचा. वक्फच्या घरांपासून हे सुरू करता येईल, कारण तिथे मालक एक आहे आणि तो जाणार नाही.

आणि काम पावसाच्या वेळापत्रकानं चाललं पाहिजे, निधीच्या वर्षाच्या नाही. वुली डिसेंबरात संपते, मसिका मार्चात सुरू होते. मधले दोन महिने कोरडे. जानेवारीत प्रत्येक गल्लीतून दोन माणसं शिडी घेऊन छपरावर जावीत. पन्हळीतला पाला काढावा, गंजलेला पत्रा डांबरानं बुजवावा, भिंतीच्या माथ्यावरच्या भेगा मुरलेल्या चुन्यानं भरून घ्याव्यात. त्या दोन माणसांचा पगार कोण देणार, हे ठरवणारा कागद या बेटावर आधी तयार व्हायला हवा.